पाण्याखाली जायचंय? आधी नाकाचं माप द्या!

बारामतीहून मालवण साडेतीनशे किलोमीटरच्या वर. इंदापूरहून त्याहीपेक्षा थोडं जास्त. तरीही हल्ली एमआयडीसीतल्या शिफ्टवाल्यांपासून बँकेतल्या प्रोबेशनरपर्यंत अनेकांच्या मोबाइलमध्ये तो एक फोटो असतोच. तोंडात नळी, डोळ्यांवर भलामोठा मास्क, आजूबाजूला निळे-पिवळे मासे आणि दोन बोटांनी केलेली ‘ओके’ची खूण. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पंधरावीस मिनिटं पाण्याखाली, मागे इन्स्ट्रक्टरनं घट्ट धरलेलं. बहुतेकांचं स्क्यूबा तिथंच संपतं. काहींचं मात्र तिथं सुरू होतं. मग ते तारकर्लीला एमटीडीसीनं उभारलेल्या ‘इस्दा’सारख्या संस्थेत, गोव्यात किंवा अंदमानात रीतसर ओपन वॉटर कोर्स करतात, १८ मीटरपर्यंत जायचं कार्ड मिळवतात आणि परतीच्या प्रवासातच ठरवून टाकतात, ‘आता आपला स्वतःचा सेट घ्यायचा!’

घ्या की! पण सगळा सेट एकदम घेऊ नका. वेबसाइटवर ‘कम्प्लीट पॅकेज’ दिसलं की बोनसचे पैसे खिशात उड्या मारायला लागतात, हे मान्य. पण पाण्याखाली महागडा सेट वाचवत नाही, सवयीचा सेट वाचवतो. म्हणून जे अंगाला नेमकं बसायला लागतं ते आधी घ्यायचं. जे वर्षातून चार दिवसच लागतं आणि ज्याची देखभाल बारामतीत होणार नाही, ते भाड्यानं.

मास्क : मिशी ठेवायची की काढायची?

पहिली खरेदी मास्कची. यात तडजोड नाही. भाड्याचा मास्क शंभर चेहऱ्यांना बसवायचा म्हणून घेतलेला असतो. तुमचा फक्त तुमच्या चेहऱ्याला बसायला हवा. दुकानात करायची परीक्षा एकदम सोपी आहे. पट्टा मागे न लावता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलका श्वास आत घ्या आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. घसरला किंवा कपाळाजवळून बारीक फुस्स आवाज आला तर तो कितीही कूल दिसू दे, परत ठेवा. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट वाढते.

आता मिशीचं. नाकाखाली जिथं सिलिकॉनची कड टेकते तिथं केस असले की पाणी झिरपतंच. त्यासाठी मिशी उडवायची गरज नाही. नाकाच्या लगेच खालची एक बारीक पट्टी साफ केली की भागतं, आणि सोमवारी ऑफिसात ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी परीक्षा नाकाच्या पिशवीची. खाली जाताना कान मोकळे करण्यासाठी मास्कवरूनच नाक चिमटीत धरायला लागतं. दोन बोटांत नाक नीट सापडतं का, ते तिथंच बघा. याच कारणानं पोहण्याचा साधा गॉगल डाइव्हिंगला चालत नाही. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. मास्कमध्ये नाकातून थोडी हवा सोडून तो सावरता येतो, पण गॉगलमध्ये नाकच नसतं, मग डोळे ओढले जातात. संपूर्ण चेहरा झाकणारे ते स्नॉर्कलिंगचे फॅन्सी मास्कही स्क्यूबासाठी नाहीत. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसवता येणारा मास्क मागा. काचेवर ‘टेम्पर्ड’ लिहिलेलं असायलाच हवं.

नवा मास्क घरी आणला की लगेच पाण्यात नेऊ नका. काचेच्या आतल्या बाजूला कारखान्यातला सिलिकॉनचा न दिसणारा थर असतो. तो गेला नाही तर पहिल्याच डाइव्हला आतून धुकं धरतं आणि मासे, किल्ल्याचा खडक, इन्स्ट्रक्टर सगळं एकाच रंगाचं दिसतं. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नाही!) बोटावर घेऊन आतून चोळायची, धुवायची, पुन्हा चोळायची. तीनचार वेळा तरी. काचेला खास कोटिंग असेल तर आधी सोबतचं पत्रक वाचा.

फिन्सचं फार कौतुक नको. पायात चावत नाहीत आणि सुटत नाहीत, एवढं पुरे. कोकणातल्या आणि अंदमानच्या उबदार पाण्याला तीन मिलिमीटरचा वेटसूट बहुतेकांना चालतो. तो कोरडा असताना घालायला त्रास झाला पाहिजे. आरामात चढला तर पाणी आत-बाहेर खेळणार आणि उब राहणार नाही.

मनगटावरचा शहाणा

मास्कनंतर पैसे टाकायचे ते डाइव्ह कॉम्प्युटरवर. जाकीट आणि रेग्युलेटरच्याही आधी! किती खोल गेलात, किती वेळ राहिलात आणि शरीरात किती नायट्रोजन साठला असेल, याचा हिशेब तो डाइव्हमागून डाइव्ह ठेवतो. भाड्याच्या कॉम्प्युटरला तुमची सकाळची डाइव्ह ठाऊक नसते, ती दुसऱ्याच कुणाच्या मनगटावर झालेली असते. नवा घेतला की त्यातली तीन सेटिंग्ज स्वतः लावा: मीटर की फूट, खारं पाणी की गोडं, आणि उंची. ही उंचीची भानगड काय, त्याकडे येतोच.

रेग्युलेटर आणि बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जाकीट, ही मोठी खरेदी. पहिल्या दहावीस डाइव्ह भाड्याच्या सामानावर करा, आपल्याला काय जमतंय ते कळू द्या. मग घ्यायचं ठरलंच तर ‘किंमत किती?’ हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, ‘सर्व्हिसिंग कुठं होणार आणि पार्ट मिळणार का?’ रेग्युलेटर साधारण वर्षाला किंवा कंपनी सांगेल त्या मुदतीला उघडून आतल्या रिंगा बदलाव्या लागतात. परदेशातल्या चुलत भावानं स्वस्तात आणलेला सेकंडहँड रेग्युलेटर, ज्याचे सुटे भाग आपल्याकडे मिळतच नाहीत, तो शोकेसमध्ये छान दिसेल. आणखी एक गोष्ट. रेग्युलेटर सिलिंडरला जोडायच्या दोन पद्धती आहेत, योक आणि डिन. योक कडीसारखा वरून अडकतो, डिन आट्यांनी आत फिरतो. आपण जिथं जाणार तिथल्या सिलिंडरला कोणता लागतो, ते आधी फोन करून विचारा.

आणि सिलिंडर? अजिबात नको. ॲल्युमिनियमचा रिकामाच चौदा किलोच्या आसपास असतो, त्याची ठराविक काळानं दाबचाचणी करून घ्यावी लागते आणि श्वासाला योग्य अशी हवा भरून द्यायला आपल्या चौकातला पंक्चरवाला उपयोगाचा नाही.

गॅस सिलिंडर आठवा

सेट जुळवणं अवघड नाही, घाई अवघड करते. बीसीडीचा पट्टा आधी ओला करा, कारण ओला झाल्यावर तो सैल पडतो आणि मग सिलिंडर पाठीवरून सरकतो. पट्टा आवळून जाकिटाला धरून वर उचला, सिलिंडर हलता कामा नये. मग सिलिंडरच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग बघा. घरच्या गॅस सिलिंडरला रेग्युलेटर लावताना आई आत रबरी वायसर आहे का ते बघते ना, तेच. फक्त इथं आत दाब २०० बारच्या आसपास असतो, म्हणजे कारच्या टायरच्या साधारण शंभर पट. रिंग चिरलेली, फुगलेली वाटली तर बदलून मागा. त्यात लाजायचं काय?

रेग्युलेटर असा बसवा की तोंडात धरायची नळी उजव्या खांद्यावरून येईल आणि जाकिटात हवा भरायची नळी डावीकडून. स्क्रू हातानंच आवळायचा, पान्हा नको. दाबाचं मीटर चेहऱ्यापासून दूर वळवून व्हॉल्व्ह हळू उघडा आणि पूर्ण उघडा.

यानंतरची तपासणी मात्र कधीही चुकवू नका. मीटरच्या काट्याकडे बघत रेग्युलेटरमधून चारपाच मोठे श्वास घ्या. काटा जागचा हलला नाही तर ठीक. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल, तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलाय. बोटीवर अशा व्हॉल्व्हमधून मजेत श्वास घेता येतो. खोल गेल्यावर प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते आणि तिथं ती पुरत नाही. मीटर सिलिंडर भरलेला दाखवतंय आणि छातीत हवा येत नाही, ही वेळ कुणावरही येऊ नये. दुसरा पिवळा रेग्युलेटरही, म्हणजे जोडीदारासाठीचा ऑक्टोपस, तोंडात घेऊन बघा. जाकिटात हवा भरा, सोडा. हवेला तेलाचा, धुराचा वास आला तर सिलिंडर परत. मग जोडीदाराचं सगळं तुम्ही तपासा, तुमचं त्यानं. ‘अरे, मी केलंय चेक’ हे उत्तर चालत नाही, तो कितीही जुना मित्र असो.

वजनाचा हिशेब

नव्या सेटची पहिली डाइव्ह समुद्रात नको, ट्रेनिंगच्या पूलमध्ये करा. मास्क, फिन्स आणि स्नॉर्कल तर गावातल्या पूलमध्येही सरावाला नेता येतात. व्यवस्थापकांना आधी विचारा एवढंच. ‘अहो काका, हे काय घेऊन आलात?’ असं शेजारच्या लेनमधलं पोरगं विचारणारच! शेततळ्यात मात्र नको. त्या प्लॅस्टिकच्या उतारावरून पट्टीचे पोहणारेही बाहेर येऊ शकलेले नाहीत.

पूलमध्ये किती वजनं लागतात ते नोंदवून ठेवा. जाकिटातली सगळी हवा सोडून, नेहमीसारखा श्वास धरून उभं राहिल्यावर पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे आणि श्वास सोडल्यावर तुम्ही हळूहळू खाली गेलं पाहिजे. ही परीक्षा भरलेल्या सिलिंडरवर केली असेल तर साधारण दोन किलो वाढवा, कारण डाइव्ह संपेपर्यंत तेवढी हवा वापरून सिलिंडर हलका होतो. आणि समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. सामानासकट तुम्ही ९५ किलो असाल तर समुद्रात आणखी सव्वादोन-अडीच किलो लागणार. पूलचा आकडा तसाच मालवणला नेला तर तुम्ही बुचासारखे वर तरंगत राहाल, आणि मालवणचा आकडा पूलमध्ये आणला तर थेट तळाला बसाल.

पळसनाथ वाट बघेल

स्वतःचा सेट आला की इंदापूरकराच्या मनात एक किडा वळवळतोच. उजनी आपल्या दारात आहे, आणि पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ तिच्या पाण्यात. कशाला मालवणला जायचं?

नको. पाणी खूप उतरलं की ते देऊळ स्वतःच बाहेर येतं, तेव्हा चालत जाऊन बघा. एरवी उजनीचं पाणी गढूळ, शेवाळलेलं. हात लांब केला तर बोटं दिसतील याची खात्री नाही. खाली वेड्या बाभळींची खोडं आणि तुटलेली नायलॉनची जाळी. जाळ्यात फिन अडकली आणि काही दिसत नाही, अशा वेळी कार्ड आणि कोर्स दोन्ही अपुरे पडतात. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले, तेव्हा याच पाण्यात एनडीआरएफच्या जवानांना शोध घ्यावा लागला होता. ते त्यांचं काम आहे, आपला विकेंड नाही. शिवाय उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर. तीनशे मीटरच्या वरचं पाणी म्हणजे डाइव्हिंगच्या भाषेत ‘उंचीवरची डाइव्ह’, आणि तिचे हिशेब वेगळे.

घाटातला नायट्रोजन

आता ती उंचीची भानगड. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही, हे कोर्समध्ये घोकून घेतात. बारामतीकर म्हणतो, ‘आपण कुठं विमानानं जातोय, आपली तर गाडी!’ पण मालवणहून घरी यायचं म्हणजे घाट चढायलाच हवा. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरच्या आसपास. घाट चढला की कोल्हापूर, सातारा सगळं पठार आणि घरसुद्धा साडेपाचशे मीटरच्या आसपास. म्हणजे आपण खाली उतरतच नाही.

विमानाचा नियम सुमारे सहाशे मीटरपासून पुढच्या उंचीसाठी सांगितलेला आहे. एकच साधी डाइव्ह असेल तर किमान १२ तास, दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या तर किमान १८ तास थांबायचं. आपल्या घाटांना तोच लावावा. रविवारी सकाळी दोन डाइव्ह, दुपारी मालवणी थाळी, तीन वाजता गाडीला स्टार्टर आणि सोमवारी नऊच्या पंचिंगला हजर, हा आपला लाडका प्लॅन या हिशेबात बसत नाही. वर जाताना दाब कमी होतो, शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. मग सांधे दुखतात, हातपाय मुंग्यांनी भरतात, आणि आपण समजतो की ड्रायव्हिंगनं अंग आंबलं. असं काही वाटलं तर गोळी घेऊन झोपू नका. डॉक्टरांना ‘काल डाइव्ह केली होती’ हे पहिलं वाक्य सांगा.

म्हणून डाइव्ह शनिवारी दुपारपर्यंत आटपा. रविवारी किल्ला बघा, बाजार करा आणि कॉम्प्युटरनं ‘नो फ्लाय’चं चिन्ह काढल्यावर निवांत निघा. सोमवारची हाफ डे आधीच टाकून ठेवली तर आणखी उत्तम.

घरी आल्यावर बॅग तशीच पलंगाखाली सरकवायची नाही. सगळं गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढा. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षारांचं असतं, बादलीला पांढरा थर धरतो तो सामानालाही धरतो. म्हणून शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा. रेग्युलेटर धुताना त्याचं झाकण घट्ट लावलेलं हवं आणि पुढचं बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी आत शिरतं. जाकिटाच्या आतही पाणी घालून हलवा, काढून टाका आणि थोडी हवा भरून सावलीत टांगा. मे महिन्यात गच्चीवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवलंत तर रबर लवकर तडकेल. पारदर्शक मास्क काळ्या रबराला चिकटून ठेवू नका, पिवळा पडतो. तो त्याच्या डबीत. आणि डबी उंदरांपासून लांब.