दुकानाच्या वहीपासून कॉम्प्युटरपर्यंत : माहिती प्रणाली म्हणजे नेमके काय?

बी.कॉम., बी.बी.ए. किंवा बी.एम.एस. करणाऱ्या मुलामुलींच्या अभ्यासात 'मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टम' नावाचा विषय असतो. मराठीत त्याला माहिती प्रणाली म्हणतात. मुले व्याख्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि संध्याकाळी अब्बांच्या दुकानात गल्ल्यावर बसतात. जे पाठ केले तेच इथे रोज चालले आहे, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणून हा विषय आज आम्ही जरा सविस्तर मांडत आहोत, शक्य तितकी पुस्तकी भाषा टाळून.

धंद्यात रोज काही ना काही घडते. माल येतो, विकला जातो, उरतो, खराब होतो. कुणी रोख देतो, कुणी उधारीवर नेतो. अशा प्रत्येक घटनेची नोंद म्हणजे डेटा. पण नोंदींचा नुसता ढीग कामाचा नसतो. समजा, एका बेकरीत महिनाभराची सगळी बिले एका डब्यात पडली आहेत. तो झाला डेटा. कुणी बसून ती बिले जुळवली आणि सांगितले की सोमवारी दीडशे पाव उरतात आणि शुक्रवारी दुपारीच संपतात, तर ती झाली माहिती. कारण आता मालक सोमवारी मैदा कमी भिजवेल. नोंद करायची, ती साठवायची, जुळवायची आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्या हातात वेळेवर द्यायची, या सगळ्या व्यवस्थेला माहिती प्रणाली म्हणतात. त्यात माणसे आली, कामाची पद्धत आली, वही किंवा यंत्र आले. कॉम्प्युटर हा तिचा एक भाग, आणि खरे सांगायचे तर बऱ्याचदा सर्वांत सोपा भाग. अवघड असते ते रोज न चुकता नोंद करणे.

बेकरीचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले. धंद्याचे रोजचे काम कॉम्प्युटरवर घेणारी जगातली पहिली कंपनी कोणती, असे विचारले तर लोक अमेरिकेतल्या एखाद्या बड्या उद्योगाचे नाव घेतील. प्रत्यक्षात ती होती इंग्लंडची जे. लायन्स अँड कंपनी, चहाची दुकाने आणि बेकऱ्या चालवणारी.

लायन्सचे चहाचे पहिले दुकान १८९४ साली लंडनच्या पिकाडिली भागात उघडले. पुढे अशी दोनशेहून जास्त दुकाने झाली. चहाचा कप, केकचा तुकडा, पाव असे छोटे छोटे व्यवहार रोज हजारोंनी होत आणि एकेका व्यवहारात सुटणारा नफा अगदी थोडा. हिशोब ठेवणाऱ्या कारकुनांवरचा खर्च वाढला तर तो नफा तिथेच संपायचा. कंपनीतले जॉन सिमन्स हे केंब्रिजमध्ये गणित शिकलेले गृहस्थ. कामाचा कागद कुठून निघतो, कुणाकडे जातो, कशासाठी जातो, याचाच अभ्यास त्यांच्या देखरेखीखाली कित्येक वर्षे चालला होता. म्हणजे यंत्र येण्याच्या फार आधी तिथे पद्धतीचा विचार झालेला होता.

१९४७ मध्ये कंपनीने आपले दोन अधिकारी ऑफिसच्या नव्या पद्धती पाहायला अमेरिकेला पाठवले. तिथे त्यांना कळले की असे यंत्र तर आपल्याच देशात, केंब्रिज विद्यापीठात, तयार होते आहे. लायन्सने विद्यापीठाला ३,००० पौंडांची मदत केली, स्वतःचा एक माणूसही दिला आणि नंतर त्याच धर्तीवर आपले यंत्र बांधले. त्याचे नाव 'लिओ', म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर पहिले नेहमीचे काम सुरू झाले ते बेकरीतून निघणाऱ्या मालाच्या मूल्याचे. पगाराचा हिशोब नंतर आला. एका कामगाराचा पगार काढायला अनुभवी कारकुनाला सुमारे आठ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद.

आम्हाला मात्र वेगापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९५४ च्या सुमारास चहाच्या दुकानांची रोजची ऑर्डर लिओवर आली. प्रत्येक दुकानाची, प्रत्येक वाराची एक ठरलेली यादी यंत्राकडे असे. दुकान सांभाळणाऱ्या बाईने फोन करून फक्त फरक सांगायचा: आज केक कमी, पाव जास्त. मुख्य कचेरीत ते कार्डावर उतरवले जाई आणि कोणत्या दुकानाला काय पाठवायचे, याची यादी यंत्रातून बाहेर पडे. सगळी ऑर्डर रोज नव्याने लिहायची नाही, बदललेले तेवढेच सांगायचे. ही युक्ती वहीवरही चालते. रोज पावाची ऑर्डर घेणाऱ्या आपल्याकडच्या बेकरीवाल्यांनी करून पाहावी.

मोठ्या संस्थांमध्ये याच कामाचे थर पडतात. तळाला रोजचे व्यवहार नोंदवणारी यंत्रणा: मॉलमधले बारकोडचे मशीन, बँकेची खिडकी, रेल्वेचे आरक्षण. तिच्यावर व्यवस्थापकाला आठवड्याचा, महिन्याचा अहवाल देणारी. त्याहून वर, नवी शाखा काढावी का, भाव वाढवला तर विक्री किती पडेल, असले प्रश्न सोडवायला मदत करणारी. खरेदी, गोदाम, पगार, विक्री असे सगळे विभाग एकाच सॉफ्टवेअरवर आणले की त्याला ई.आर.पी. म्हणतात. परीक्षेत याची आकृती काढायला सांगतात, धंद्यात कुणी विचारत नाही.

धंद्यात विचारला जातो जी.एस.टी. १ जुलै २०१७ पासून तो लागू झाला आणि छोट्या व्यापाऱ्याची वही देशाच्या एका मोठ्या माहिती प्रणालीला जोडली गेली. माल विकणाऱ्याने आपले बिल विवरणपत्रात दाखवले, तरच माल घेणाऱ्याच्या खात्यात त्या कराचे क्रेडिट दिसते. समोरच्याने आळस केला तर पैसे आपले अडकतात. त्यामुळे कुणाकडून माल घ्यायचा हे ठरवताना भावाबरोबर त्याची नोंदीची शिस्तही आता पाहावी लागते. दुसरी गोष्ट कर्जाची. ज्याचा सगळा हिशोब डोक्यात आहे, त्याच्याकडे बँकेला दाखवायला काही नसते, मग धंदा कितीही चांगला चालो. आणि अब्बांना अचानक काही झाले, तर कुणाकडून किती येणे आहे आणि कुणाचे किती देणे आहे, हे घरात कुणालाच माहीत नसते. देणी राहून जाणे ही आपल्या घरांत किती काळजीची गोष्ट आहे, ते सांगायला नको.

कुरआनची सर्वांत लांब आयत (सूरह बकरा, २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. त्यात आणखी एक बारकावा आहे. मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणे आहे त्याने, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहायचे आणि साक्षीदार ठेवायचे. म्हणजे ज्याच्या अंगावर रक्कम पडणार, त्याला नोंद दिसली पाहिजे आणि ती पडताळता आली पाहिजे. ही अट मोडली की काय होते, ते इंग्लंडमध्येच दिसले.

लिओ बनवणारा विभाग पुढे वेगळी कंपनी झाला, विलीनीकरणे होत १९६८ साली आय.सी.एल. या कंपनीत मिसळला, आणि ती कंपनी नंतर जपानच्या फुजित्सूकडे गेली. याच आय.सी.एल.-फुजित्सूने ब्रिटिश पोस्ट ऑफिससाठी 'होरायझन' नावाची प्रणाली बनवली. १९९९ पासून ती देशभरच्या पोस्टांत बसवली गेली. तिथली बरीच पोस्टे म्हणजे गल्लीतले किराणा दुकान आणि त्यातच पोस्टाचा काउंटर. चालवणारे आपल्यासारखेच दुकानदार, त्यांत भारतीय उपखंडातून गेलेली कुटुंबेही पुष्कळ. संध्याकाळी हिशोब मिळवला की पडद्यावर तूट दिसायची. गल्ल्यातले पैसे बरोबर, पण कॉम्प्युटर म्हणतो कमी आहेत. करारामुळे तूट दुकानदारानेच भरायची. लोकांनी बचत मोडून, घर गहाण टाकून पैसे भरले. नाही भरू शकले, त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशोबाचे खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण दोषी ठरवले गेले. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात जावे लागले.

दोष प्रणालीत होता. तिच्यात चुका होत्या, आणि कंपनीच्या कर्मचाऱ्यांना दुकानदाराला न कळता दुरून त्याच्या हिशोबात बदल करता येत होते. पोस्ट ऑफिस हे वर्षानुवर्षे नाकारत राहिले. तक्रार करणाऱ्या कित्येकांना सांगितले गेले की असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे. वेल्समधले ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने ५५५ जण एकत्र कोर्टात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये हायकोर्टाने होरायझनमधल्या चुका मान्य केल्या, एप्रिल २०२१ मध्ये सीमा मिश्रांसह ३९ जणांची शिक्षा रद्द झाली, आणि २०२४ मध्ये उरलेल्यांसाठी संसदेला वेगळा कायदा करावा लागला.

तेव्हा दुकानासाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर किंवा मोबाईलवरचे उधारीचे ॲप घेताना विकणाऱ्याला काही गोष्टी आधीच विचाराव्यात. केलेली नोंद नंतर बदलली, तर कुणी आणि केव्हा बदलली ते दिसते का? भारतात कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असा माग ठेवणारेच हिशोबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. छोट्या मालकीच्या दुकानाला ती सक्ती नाही, पण मागायला काय हरकत? आपला सगळा डेटा हवा तेव्हा बाहेर काढता येतो का? वर्गणी संपली तर जुना हिशोब उघडतो का? उधारीची नोंद होताच गिऱ्हाईकाला मेसेज जातो का, म्हणजे त्यालाही ती दिसेल? कामावरच्या मुलाला वेगळा पासवर्ड देता येतो का? एकच पासवर्ड सगळ्यांना दिला की चूक झाल्यावर संशय सगळ्यांवर जातो, आणि बहुतेक वेळा त्यातल्या गरिबावर.

सुरुवातीचे दोन महिने वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू ठेवावे आणि रोज रात्री दोन्हींचे आकडे ताडून पाहावेत. काम दुप्पट होते, कुरकुर होते. घरात बी.कॉम. करणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर हे काम त्यांच्याकडे द्यावे. आकडे जुळले नाहीत तर आधी नोंदी तपासाव्यात, माणसाला त्यानंतर विचारावे.