ड्युटी लिस्टवरची नावं

सकाळी ७.४५
रात्रपाळीच्या सिस्टर ओव्हर देताहेत, म्हणजे रुग्णांची माहिती आमच्याकडे सोपवताहेत. खाटा ३०, शिवाय जमिनीवर तीन गाद्या. मी या कर्करोग कक्षाची परिसेविका. वॉर्डात सगळे इनचार्ज सिस्टर म्हणतात. ओव्हर खाटेखाटेशी उभं राहून घ्यायचं, हा माझा हट्ट आहे. टेबलाशी बसून वही वाचली तर सुजलेली शीर दिसत नाही, तोंडात उठलेले छाले दिसत नाहीत. सगळ्यात शेवटी कुलपातलं कपाट उघडून मॉर्फिनच्या गोळ्या मोजायच्या आणि दोघींनी सह्या करायच्या.

८.१५
ड्युटी लिस्टवर चार नावं होती. एकीचं लेकरू तापलंय, म्हणजे आता तिघी. शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. आज आमच्याकडे अकरांमागे एक. तिघींपैकी दोघी केमो शिकलेल्या. तिसरी नुकतीच हाडांच्या वॉर्डातून बदलून आली आहे. हात चांगला आहे तिचा, पण केमोच्या खुर्चीपाशी तिला आज एकटीला सोडायचं नाही. कुणी कुठे उभं राहायचं हे ठरवण्याला लोक कारकुनी समजतात. मी ते उपचारातच धरते.

१०.००
राउंड आटोपला. डे-केअरच्या खुर्च्या भरल्या आहेत. स्तनाच्या कर्करोगाच्या एक ताई परभणीकडून रात्रीच्या गाडीने आल्या आहेत. आज डॉक्सोरुबिसिन, ज्याला सगळे ‘लाल औषध’ म्हणतात. दोघी सिस्टर मिळून नाव, नोंदणी क्रमांक, उंची-वजनावरून काढलेली मात्रा आणि रक्ताचे काउंट मोठ्याने वाचून ताडून बघतात. नवी सिस्टर शेजारी उभी आहे.

हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडी आणि खालचं मांस जळतं. जखम कित्येक महिने भरत नाही. म्हणून सलाइन चालू ठेवून हळूहळू द्यायचं, थोडं दिलं की पिस्टन मागे ओढून रक्त येतंय का पाहायचं. अर्धं औषध गेलं आणि ताई पुटपुटल्या, “थोडं चुरचुरतंय, पण चालंल बाई.” जुन्या सिस्टरने तिथल्या तिथे हात थांबवला. रक्त मागे येईना. सुई काढली नाही, आधी तिच्यातूनच जमेल तेवढं औषध ओढून घेतलं, मग सुई काढून बर्फाचा शेक लावला, डॉक्टरांना बोलावलं, सुजेच्या कडेने पेनाने रेघ मारली. नवीने विचारलं, “मॅडम, गरम शेक नको?” व्हिन्क्रिस्टीन झिरपलं तर गरम, याला गार. हा फरक पुस्तकात आहेच, पण ‘चालंल बाई’ हे ऐकून हात थांबणं खुर्चीपाशी उभं राहूनच येतं. आमच्या बायका दुखणं कमी करून सांगतात. ते ओळखायला माणसाला त्याच वॉर्डात मुरावं लागतं.

१२.४०
वॉर्डाच्या दारात एक मुलगा बापाला धरून उभा. केमो होऊन दहावा दिवस, ताप १०१. डिस्चार्जच्या वेळी आम्ही चिठ्ठी देतो: ताप १००.४ झाला की घरी गोळी घेऊन दाबू नका, केस पेपरच्या रांगेत थांबू नका, सरळ वर या. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेत गेलं पाहिजे. रक्ताचे नमुने घेऊन औषध सुरू केलं तेव्हा १.१० झाले होते. कागद वॉर्डबॉय मामांनी नंतर आणले.

दुपारी २.३०
पाळी बदलली. बीएस्सी नर्सिंगच्या मुली आल्या. त्यांना मॉर्फिन समजावलं: वेळ झाली की द्यायचं, दुखायची वाट पाहायची नाही, सोबत पोट साफ होण्याचं औषध ठरलेलं. २०१४ साली कायदा बदलला, मान्यताप्राप्त संस्थांना हे औषध ठेवणं सोपं झालं. तरीही ‘सवय लागेल’ म्हणून नातेवाईक गोळी उशाखाली लपवतात. मुलींना मी रुग्णाशीच बोलायला लावलं.

३.४५
बदल्यांची यादी आली. सकाळी जिने हात थांबवला, तिचं नाव नेत्र विभागात. फिरती पद्धत सगळ्यांना सारखी, असं कारण. मला हे अजिबात पटत नाही. केमोत तयार व्हायला सिस्टरला कित्येक महिने लागतात, आणि तयार झाली की ती जाते.

४.१५
अधिसेविकांना पत्र लिहिलं. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये नऊ युरोपीय देशांतल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास आला होता: परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. तो उल्लेख केला, पण भर आमच्याच नोंदींवर दिला. मागणी दोनच: केमो शिकलेल्या सिस्टरना किमान तीन वर्षं इथून हलवू नये, आणि बदली करायचीच तर तिच्या जागी येणारीने आधी तिच्या हाताखाली काम करावं. सकाळच्या प्रसंगाची नोंद जोडली. उद्याच्या राउंडला अधिसेविका येतील, तेव्हा त्यांना आधी, आज वॉर्डातच ठेवून घेतलेल्या परभणीकडच्या ताईंच्या खाटेपाशी नेणार आहे.