गवत्या माशातील पट्टकृमी : जीवनचक्र आणि नियंत्रण

मत्स्यसंवर्धनात आतड्यातील परजीवींकडे उशिरा लक्ष जाते, कारण बाधित मासा बाहेरून बहुधा निरोगी दिसतो. गवत्या व सायप्रिनस माशांच्या पिलांत आढळणारा आशियाई पट्टकृमी हे याचे ठळक उदाहरण होय. जपानी संशोधक यामागुती यांनी 1934 मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे पाणवनस्पतींच्या नियंत्रणासाठी गवत्या मासा देशोदेशी नेण्यात आला आणि कृमीही त्याच्याबरोबर अनेक खंडांत पोचला. भारतात हा मासा 1959 मध्ये आणला गेला; महाराष्ट्रातील मिश्र मत्स्यशेतीत तो आज सर्रास वापरला जातो.

डोक्यावरील दोन खोल खाचांच्या साहाय्याने हा कृमी आतड्याच्या पुढील भागाला चिकटतो. कृमींची संख्या वाढली की आतड्याचा मार्ग अडतो, पोट फुगते, वाढ खुंटते. प्रसंगी आतडे फुटून पिले दगावतात. मोठा गवत्या वनस्पतींवर जगतो, त्यामुळे त्याला उपद्रव कमी होतो. पिलांचे अन्न मात्र प्राणिप्लवंग असते आणि धोका तेथेच आहे. विष्ठेवाटे पाण्यात पडलेल्या अंड्यांतून पोहणारी सूक्ष्म अळी बाहेर पडते. ती सायक्लॉप्सने गिळली व तो सायक्लॉप्स पिलाने खाल्ला, तरच चक्र पूर्ण होते. उबदार पाण्यात यानंतर सुमारे 3 आठवड्यांत कृमी प्रौढ होतो. संगोपन तळ्यात प्लवंग वाढावेत म्हणून शेणखत घालतात. त्याने सायक्लॉप्सचीही पैदास वाढते, हे क्वचितच ध्यानात घेतले जाते.

प्राझिक्वांटेल हे औषध कृमी मारते. पण बाहेर पडलेल्या कृमींतील अंडी त्याने नष्ट होतीलच असे नाही. त्याच तळ्यात उपचार केल्यास पुन्हा लागण होते. म्हणून तज्ज्ञांच्या सल्ल्याने वेगळ्या टाकीत उपचार करून मासे स्वच्छ पाण्यात हलवावेत. टाकीतील पाणी तळ्यात वा ओढ्यात सोडू नये. बीज सोडण्यापूर्वी तळे पूर्ण सुकवून ओलसर खड्ड्यांत कळीचा चुना टाकणे हा उपाय औषधाहून मोलाचा आहे. मोठ्या माशांच्या तळ्यातील पाणी संगोपन तळ्यात घेणेही टाळावे.

नारूचा प्रसारही सायक्लॉप्समार्फतच होत असे. त्या रोगावर परिणामकारक औषध नसताना, मुख्यतः पिण्याचे पाणी गाळून व पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हे चक्र तोडले गेले आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. मत्स्यतळ्यात तितके सोपे नाही. तेथे सायक्लॉप्स हे पिलांचे खाद्यच आहे. त्यामुळे बाधित बीज तळ्यात येऊच न देणे अधिक महत्त्वाचे ठरते. खरेदी केलेल्या बोटुकलीतील काही नमुन्यांचे विच्छेदन करून आतडे तपासणे पदवी महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेतही सहज शक्य आहे. प्रौढ कृमी तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.