स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

अभनपूरला रायपूर-जगदलपूर महामार्गावरून राजिमचा रस्ता फुटतो. पूर्वी छोट्या रेल्वेचेही इथूनच दोन फाटे होते, एक धमतरीकडे आणि दुसरा राजिमकडे. आसपास सगळा धानाचा मुलूख. कापणी झाली की मळणीचा भुसा, राइस मिलचा कोंडा आणि ट्रॅक्टरांनी उडवलेली धूळ महिना-दोन महिने हवेत तरंगत असते. मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. कार्बोरेटरला यातलं काहीच मानवत नाही. त्यामुळे इकडच्या गॅरेजात एक तक्रार बारा महिने ऐकू येते: गाडी पेट्रोल पिते, काळा धूर मारते, प्लग सारखा काळा पडतो.

मग नव्वद टक्के वेळा काय होतं? मेकॅनिक स्क्रू-ड्रायव्हर उचलतो, गाडी रेसवर ठेवतो, एअर स्क्रू इकडेतिकडे फिरवतो, आवाज जरा सुधारला की "हो गया" म्हणतो. आठ दिवसांनी गाडी परत दारात. कारण साधं आहे. जी गाडी सहा महिन्यांपूर्वी नीट चालत होती तिचं सेटिंग आपोआप बदलत नाही. सेटिंग जिथल्या तिथे असतं, बिघडलेलं असतं दुसरंच काही. ते आधी शोधायचं, स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

उदाहरणाला जुनी साडेतीनशेची बुलेट घेऊ, बिडाच्या इंजिनाची. हिच्यावर मिककार्बचा व्हीएम-२४ कार्बोरेटर असतो. जपानच्या मिकुनीच्या बनावटीचा, इथे चेन्नईच्या युकॅल कंपनीने काढलेला. यामाहा आरएक्स-१०० वरचा कार्बोरेटर याच घराण्यातला, फक्त लहान. एक समजला की दुसरा उघडताना हात अडत नाही.

काम कसं चालतं ते पाहू. पिस्टन खाली येतो तेव्हा हवा आत ओढली जाते आणि ती कार्बोरेटरच्या घशातून जाते. नावातला २४ हा त्या घशाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि वेग वाढला की तिथला दाब उतरतो. खाली बाऊलमध्ये साठलेल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. या दोन दाबांतल्या फरकामुळे पेट्रोल जेटच्या भोकातून वर ढकललं जातं आणि हवेत फवारलं जातं. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. लिटरभर पेट्रोलला साधारण अकरा किलो, म्हणजे नऊ-दहा हजार लिटर हवा. एवढ्या हवेत लिटरभर पेट्रोल बरोबर मापात घालायचं काम दोन-तीन पितळी भोकं करतात. त्यात बॅटरी नाही की सेन्सर नाही.

यावरूनच दोष कुठे शोधायचा ते ठरतं. मिश्रण रिच व्हायचं, म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर यायचं, तर बहुधा चारपैकी एखादी गोष्ट घडलेली असते. घशातली ओढ वाढली. बाऊलमधली पातळी वाढली. भोक मोठं झालं. किंवा चोकचा जादा रस्ता बंदच होत नाही. पाचवी गोष्ट आधी शोधू नये.

पण त्याआधी गाडी खरंच रिच आहे का, याची खात्री करून घ्यावी. कोरड्या काजळीने काळा पडलेला प्लग रिच मिश्रण दाखवतो. तेलकट, चकचकीत काळा असेल तर ऑइल वर येतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडे बघा, कार्बोरेटर बिचारा निर्दोष आहे. स्पार्क कमजोर असला तरीही प्लग काळा पडतो, कारण पेट्रोल अर्धवट जळतं. म्हणून बुलेटचे पॉइंट आधी साफ करून गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर करून घ्यावा. एक झकास चाचणी मात्र फुकटात होते. गाडी गरम करून स्लोवर चालू ठेवा आणि पेट्रोल कॉक बंद करा. बाऊल रिकामा होत जातो, पातळी उतरते, मिश्रणातलं पेट्रोल कमी होत जातं. बंद पडण्याआधी काही क्षण इंजिन एकदम स्वच्छ, हलकं फिरायला लागलं, तर गाडी रिच होती. नुसतंच फडफडून मेलं, तर नव्हती.

दुसरी खूण रोजच्या वापरातच दिसते. रिच गाडी सकाळी गार असताना चोकशिवाय पटकन सुरू होते आणि जसजशी गरम होते तसतशी घुसमटते. मालकाला वाटतं, सकाळी तर छान होती!

आता चारही गोष्टी एकेक करून पाहू. ओढ वाढवतो तो तुंबलेला एअर फिल्टर. समोरून हवा अडली की घशात दाब आणखी उतरतो आणि बाऊलमधलं पेट्रोल जास्त जोराने वर येतं. धानाचा कोंडा फिल्टरवर बसला की नुसत्या फुंकरीने निघत नाही, तो तंतूंत अडकून बसतो. कागदी फिल्टर धुऊ नये, बदलावा. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवून घट्ट पिळावा. तेलाने थबथबलेला फोम तुंबलेल्या फोमइतकाच वाईट. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अभनपूर परिसरात रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरांची वाट पाहत बसत नाही.

चोक पाहायला दोन मिनिटं लागतात. या कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे घसा झाकणारी पत्री नाही. एक छोटा दट्ट्या असतो, तो उचलला की पेट्रोलचा वेगळा रस्ता उघडतो. दट्ट्याच्या तळाशी रबराची टिकली असते. ती झिजली, तडकली किंवा खाली कचरा अडकला की चोक "बंद" असूनही पेट्रोल पाझरत राहतं. चोकला केबल असेल तर तिला थोडा ढिलेपणा हवा.

सगळ्यात जास्त वेळ बाऊलला द्यावा, कारण खरा चोर बहुधा इथे सापडतो. कॉक बंद करा, पेट्रोल भांड्यात काढून घ्या, इंजिन थंड होऊ द्या. गरम सायलेन्सरवर पेट्रोल सांडून आग लागायला वेळ लागत नाही. बाऊलचे स्क्रू सोडले की वर फ्लोट दिसतो आणि त्याच्या पितळी जिभेवर टेकलेली बारीक पिन. पातळी वाढली की फ्लोट वर चढतो, पिन आपल्या सीटमध्ये बसते, पेट्रोल थांबतं. संडासाच्या फ्लश टाकीतला फुगा हेच काम करतो. पिन काढून तिचं टोक उजेडात धरा. त्या निमुळत्या टोकावर गोल रेघ, बारीक खाच उमटलेली दिसली तर पिन गेली. ती पूर्ण बसत नाही, पातळी वर चढते आणि गाडी सगळ्या वेगांना रिच होते. गाडी स्टँडवर उभी असताना ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब गळत असतील तर संशय इथेच घ्यायचा. पिन आणि सीट जोडीनेच बदलावी. फ्लोट कानाजवळ हलवून पाहा, आत पेट्रोल शिरलं असेल तर खळखळ ऐकू येते आणि तो पुरेसा वर चढत नाही. बाऊलच्या ड्रेनला पारदर्शक नळी जोडून ती बाजूने वर धरली तर आतली पातळी बाहेर दिसते. किती हवी ते मॉडेलप्रमाणे बदलतं, पुस्तकात पाहावं. फरक असेल तर पितळी जीभ अर्धा मिलिमीटर वाकवायची, त्याहून जास्त एका वेळी नाही.

बाऊलच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली तर ती इथेनॉलची देणगी. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई-२०. इथेनॉल पाणी शोषतं, पाण्याने जस्ताची ओतीव बॉडी गंजते आणि जुनी रबरं फुगतात. गंमत अशी की ई-२० जळायला हवा कमी लागते, १४.७ ऐवजी साधारण १३.५. म्हणजे साध्या पेट्रोलवर बसवलेला कार्बोरेटर ई-२० वर उलट लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालायला हवा. तरीही जुनी गाडी रिच होत असेल तर सेटिंगला दोष देण्यात अर्थच नाही, कुठलं तरी रबर किंवा पिन गेलेली आहे.

राहिलं भोक. जेट झिजून मोठा होतो तो क्वचितच. तो माणसं मोठा करतात. पोलादी तार घालून जेट साफ करायची सवय आपल्या गॅरेजांत मुरलेली आहे आणि पितळ तारेपुढे हरतं. क्लिनर स्प्रे आणि कंप्रेसरची हवा, बास. जेटवर आकडा कोरलेला असतो, पण तो कंपनीगणिक वेगळ्या मापाचा. केहिनचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा पेट्रोलचा प्रवाह. म्हणून एकाचा शंभर नंबर दुसऱ्याच्या शंभराजागी बसवू नये.

खरोखर झिजते ती निडल, म्हणजे रेसबरोबर वरखाली होणाऱ्या स्लाइडला अडकवलेली सुई, आणि ती ज्या नळीत वरखाली होते तो निडल जेट. वर्षानुवर्षांच्या थरथरीने निडल एका बाजूला घासते, नळीचं गोल भोक लांबट होतं. डोळ्याला काहीच दिसत नाही, पण अर्ध्या रेसवर गाडी गुदमरते आणि निडलच्या डोक्याची क्लिप कितीही हलवा, फरक पडत नाही. अशा वेळी दोन्ही नवे, अस्सल बनावटीचे घालावेत. बाजारात स्वस्त डुप्लिकेट किट मिळतं. ते घालण्यापेक्षा जुनंच राहू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं सगळं नीट झाल्यावरच सेटिंग. हँडलच्या ग्रिपवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर चिकटपट्टी लावून रेसच्या खुणा करा: बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. वेग किती आहे, गिअर कोणता आहे, हे कार्बोरेटरला कळत नाही. त्याला कळते फक्त स्लाइड किती उचलली गेली ते. स्लोपासून पाव रेसच्या अलीकडेपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रूचं राज्य. पावपासून पाऊणपर्यंत निडल. त्यापुढे मेन जेट. कुठल्या खुणेवर गाडी घुसमटते ते पाहिलं की कुठला भाग हलवायचा ते ठरतं. गावातल्या वेगात घुसमटणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलून पैसे जातात, गुण येत नाही.

स्लोसाठी इंजिन पूर्ण गरम हवं. स्लोचा स्क्रू थोडा चढवा. एअर स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा, आवळू नका, टोक तुटतं. तिथून दीड आटा बाहेर. मग पाव-पाव आट्याने पुढेमागे करत जिथे इंजिन सगळ्यात वेगाने आणि एकसारखं फिरेल तिथे थांबा आणि स्लोचा स्क्रू परत उतरवा. चांगली जागा तीन आट्यांच्या पलीकडे सापडली तर पायलट जेट मोठा आहे, एक नंबर लहान घाला.

इथे एक फसवी जागा आहे. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण लीन होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच. पल्सरसारख्या गाड्यांवरच्या डायफ्रामवाल्या कार्बोरेटरमध्ये तो दुसऱ्या प्रकारचा असतो. अनेक मेकॅनिक दोन्ही एकाच दिशेला फिरवतात.

निडलच्या डोक्याशी खाचा असतात आणि एकीत क्लिप. क्लिप वरच्या खाचेत नेली की निडल खाली बसते, पेट्रोल कमी होतं. एका वेळी एकच खाच. मग नवा प्लग लावून राजिमच्या मोकळ्या रस्त्यावर अर्ध्या रेसवर दीड-दोन किलोमीटर न थांबता चला, क्लच दाबून तिथल्या तिथे इंजिन बंद करा आणि प्लग काढून पाहा. स्लोवर चालवत घरी आणलेला प्लग काही सांगत नाही, त्यावर स्लोची काजळी चढलेली असते. पांढऱ्या चिनी मातीचा रंग फिकट बदामी आला की झालं. पांढराफटक आला तर मात्र क्लिप परत खाली घ्या. लीन गाडी रिचपेक्षा वाईट, ती पिस्टन जाळते.

मेच्या दुपारी इथली हवा डिसेंबरच्या पहाटेपेक्षा दहा-अकरा टक्के विरळ असते. तेवढ्याने मिश्रण पाच-सहा टक्के रिच होतं, ते दोष म्हणून धरू नये. उन्हाळ्यात एअर स्क्रू पाव आटा बाहेर, धान कापणी सुरू झाली की पाव आटा आत, आणि आत घेण्यापूर्वी फिल्टर उघडून बघायचा.