थायरॉइडची गोळी बाधते तेव्हां

“औषध उष्ण पडलें” हे शब्द आपल्या घरांतून जितक्या सहजपणें उच्चारले जातात, तितका त्यांचा विचार मात्र होत नाहीं. आमच्या पनवेलच्या घरीं याच शब्दांमुळें एका जिवाला बरेच महिने यातना सोसाव्या लागल्या. वाचकांच्या घरीं तसें घडूं नये, म्हणून ती हकीकत येथें देत आहोंत.

आमच्या थोरल्या वहिनींना पन्नाशीच्या सुमारास थकवा, चेहऱ्यावर सूज, बद्धकोष्ठ आणि भर उन्हाळ्यांतही थंडी वाजणें असा त्रास सुरू झाला. रक्ततपासणींत थायरॉइड ग्रंथीचें काम मंदावल्याचें आढळलें व लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू झाली. घरांतला पहिला चहा वहिनींच्या हातचा. त्या गडबडींत त्या गोळी चहाबरोबरच उरकीत आणि तिच्या पाठोपाठ हाडांसाठीं दिलेली कॅल्शियमची गोळीही घेत. गुण येईना, म्हणून मात्रा दोन वेळां वाढवावी लागली. पुढें कॅल्शियम संपलें, आणि एका नातलगांच्या सांगण्यावरून त्या गोळी पहांटे अनशापोटीं घेऊं लागल्या. महिना-दीड महिन्यांत छातींत धडधड, हाताला कंप, घाम व निद्रानाश यांनीं त्यांना घेरलें. ज्या वहिनींनीं कधीं कोणास दुरुत्तर केलें नाहीं, त्या क्षुल्लक कारणावरून चिडूं लागल्या.

“अगं, हें औषध तुला उष्ण पडलें. दे सोडून,” मातोश्री म्हणाल्या. वहिनींनीं निमूटपणें गोळी सोडली. धडधड थांबली, सर्वांना हायसें वाटलें. परंतु दोन-तीन महिन्यांतच सूज परतली, आवाज घोगरा झाला आणि बसल्या जागीं त्यांचा डोळा लागूं लागला.

मातोश्रींना दोष देण्याचें कारण नाहीं. ज्या पनवेलींत वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ सालीं धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना स्थापिला, तेथें उष्ण-शीताचा विचार घरोघर मुरलेला असणें स्वाभाविक आहे. पण ही गोळी इतर औषधांहून निराळी आहे. आपल्या गळ्यांतील ग्रंथि जें द्रव्य नित्य निर्माण करते, तेंच या गोळींत असतें. अमेरिकेंतील केंडल यांनीं तें १९१४ सालीं नाताळच्या दिवशीं शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. इंग्लंडांत हॅरिंग्टन व बार्जर यांनीं १९२७ सालीं तें प्रयोगशाळेंत तयार केलें. म्हणूनच गोळीचे ‘दुष्परिणाम’ म्हणून जे सांगितले जातात, ते बहुधा मात्रा अधिक झाल्याचे परिणाम असतात.

डॉक्टरांकडे पुन्हा गेलों, तेव्हां त्यांनीं आधीं एकच प्रश्न विचारला, “गोळी कशी घेत होतां?” उत्तरांतच उलगडा झाला. चहा व कॅल्शियम यांमुळें गोळीचा बराच अंश अंगीं लागत नव्हता. अडथळा दूर होतांच वाढविलेली मात्रा पुरती शोषली जाऊं लागली, आणि ती अधिक झाली. कमी मात्रेनें पुन्हा आरंभ झाला व सहा आठवड्यांनीं तपासणी समाधानकारक आली.

यावरून घेण्याजोगे धडे थोडके आहेत. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, चहापूर्वीं अर्धा ते एक तास घ्यावी. कॅल्शियम व लोह यांत आणि तिच्यांत चार तासांचें अंतर ठेवावें. उपवासाच्या दिवशींही ती चुकवूं नये. केसांसाठीं बायोटिन घेत असल्यास तपासणीपूर्वीं डॉक्टरांस सांगावें, कारण त्यानें निकाल फसवा येऊं शकतो. पनवेलच्या पावसाळ्यांत गोळ्या ओलाव्यापासून व चुलीच्या धगीपासून दूर ठेवाव्या.

या द्रव्याचा निम्मा अंश शरीरांतून उणा व्हावयास सुमारें सात दिवस लागतात. म्हणून मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीं रक्त तपासतात. तोंवर धीर धरावा, पण त्रास लपवूं नये. अधिक मात्रा दीर्घकाळ राहिली, तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याची आणि ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांचीं हाडें ठिसूळ होण्याची भीति असते. छातींत कळ आली, धाप लागली किंवा ठोके चुकूं लागले, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावे. वृद्धांना व हृद्रोग्यांना म्हणूनच अल्प मात्रेपासून आरंभ करून देतात. गरोदरपणीं उलट गरज वाढते. दिवस गेल्याचें कळतांच डॉक्टरांस सांगावें, गोळी मात्र थांबवूं नये. आरंभींच्या महिन्यांत केस गळतात, तें बहुधा आपोआप थांबतें.

भारतांतील आठ शहरांच्या पाहणींत, २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें ११ जणांत हा विकार आढळला. तेव्हां मोठ्या कुटुंबांत अशी एखादी व्यक्ति असणें नवलाचें नाहीं. ती चिडते किंवा मंदावते, तेव्हां तिच्या स्वभावाला बोल लावण्यापूर्वीं तिच्या मात्रेची चौकशी करावी.

आमच्या घरीं आतां साडेपांचला वहिनी गोळी घेतात, आणि पहिला चहा दादा करतात. हा नेम मातोश्रींनींच घालून दिला आहे.