तलंग की कोंबडा?

सायखेड्यात गोदाकाठी राहणाऱ्या एका शेजाऱ्याने परवा बँटमची वाढती पिल्ले माझ्यापुढे ठेवून नर-मादीचा निवाडा मागितला; त्यानिमित्ताने हे टिपण.

पहिली साक्ष तुऱ्याची. एकाच जातीच्या व एकाच वयाच्या पिल्लांत ज्याचा तुरा ५-६ आठवड्यांपासूनच रुंदावून तांबडा होऊ लागतो, आणि ज्याच्या गळ्याखालचे लोलकही त्याच सुमारास रंग धरतात, तो बहुधा नर. तलंगेचा तुरा मात्र ती अंड्यावर येण्याची वेळ समीप येईपर्यंत फिकट व लहानच राहतो.

तथापि माझ्या मते खरा पुरावा पिसांचा. सुमारे ३ महिन्यांनंतर नराच्या कमरेवर, शेपटीच्या मुळाशी, लांब, निमुळती व चकाकणारी पिसे उतरू लागतात, तर मादीची तेथील पिसे गोलसर टोकांची असतात.

अपवाद सेब्राइटचा! एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात सर जॉन सेब्राइट यांनी सिद्ध केलेल्या या बँटम जातीत नरही मादीसारखीच पिसे धारण करतो. तेव्हा तेथे तुऱ्यावरच भिस्त ठेवावी. सिल्की जातीत मात्र ही लक्षणे उशिरा स्पष्ट होतात, तेव्हा तेथे धीर धरणे हाच उपाय.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे गुदद्वार तपासून लिंग ओळखण्याची विद्या जपानी संशोधकांनी १९२० च्या दशकात शास्त्रशुद्ध केली. परंतु बँटमचे इवलेसे पिल्लू अननुभवी हाताने दाबल्यास त्याच्या जिवावर बेतते, सबब ती हौस करू नये.

काही शंका असल्यास पिल्लाची जात व वय नमूद करून बाजूने काढलेले छायाचित्र खाली टाकावे.