अनुस्वार दिसायला हवा

सकाळी साडेसहा. उठल्यावर खिडकी उघडून मी आधी आभाळ बघते. श्रावण सरत आला की आमच्या गोव्यातल्या कोरगावचं आभाळ तासातासाला रंग पालटतं, आणि माझं सगळं काम उजेडावर चालतं. मराठी मजकूर टंकायचा, पानं लावायची, प्रुफं वाचायची, हे मी घरी बसून बावीस वर्षं करते आहे. सध्या दिवाळी अंकांचं काम हातात आहे. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की प्रत्येकाला आपलं पान चवथीच्या आधी तयार हवं असतं.

काल संध्याकाळी एका कथेचं पान परत आलं. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचा, बांध फुटून खारं पाणी आत आलंय, कोरगुट भाताची शेतं पाण्याखाली गेलीत, म्हातारा शेतकरी बांधावर उभा आहे. लेखकाला त्याच्या मनातली 'खंत' सांगायची होती. माझ्या पानात 'खत' गेलं. दोनदा वाचूनही सुटलं. शेतीचीच कथा, त्यामुळे खत हा शब्द मनालाही खटकला नाही. लेखकाने तांबड्या शाईने एक टिंब देऊन पान पाठवलं, सोबत एक अक्षर लिहिलं नाही. ते टिंब मला रात्रभर दिसत राहिलं.

ते पान मी दुपारी तीनला वाचलं होतं. म्हणून आज दिवसभर डोळ्यांवर आणि पडद्यावर दोन्हीकडे लक्ष ठेवायचं ठरवलंय.

साडेसात. चहा झाला. मॉनिटर चालू करण्याआधी मी त्याच्यासमोर नुसती बसते. बंद पडदा म्हणजे काळा आरसा. त्यात जे दिसतं, ते दिवसभर अक्षरांवर पसरून राहतं. पूर्वी टेबल खिडकीकडे पाठ करून होतं, तेव्हा त्या काळ्या काचेत अख्खी खिडकी दिसायची, गजांसकट. नंतर ते खिडकीसमोर लावलं, तर पडद्यामागून उजेड थेट डोळ्यांत यायचा. आता खिडकी डाव्या हाताला आहे. आमचे काका पणजीला छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवण्याची केसही उजेड बाजूने येईल अशीच ठेवायची, असं ते सांगत. देवनागरीच्या खिळ्यांत मात्रा आणि अनुस्वार खिळ्याच्या बाहेर डोकावायचे आणि दाबाखाली तुटायचे, म्हणून छापलेल्या पानावर आधी टिंबं तपासायची त्यांची सवय. आता टिंब तुटत नाही, पण पडद्याच्या उजेडात विरघळून जातं.

आठ. बाहेर ढग आहेत, खोलीत मऊ उजेड. मॉनिटरच्या खालच्या कडेला बोटाने चाचपून मेनूचं बटण दाबते आणि ब्राइटनेस पस्तिसावर आणते. कारखान्यातून पडदा येतो तेव्हा तो दुकानाच्या झगमगाटात उठून दिसावा इतका प्रखर असतो, आणि बहुतेक घरांत, कचेऱ्यांत तो आयुष्यभर तसाच राहतो. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण उपाय बोटाच्या अंतरावर आहे. एक कोरा कागद पडद्याला लागून धरायचा. पडद्यावरचं पांढरं पान कागदापेक्षा दिव्यासारखं पेटलेलं दिसलं तर उजेड कमी करायचा, मळकट दिसलं तर वाढवायचा. कागद आणि पडदा सारखे दिसले की थांबायचं. माझ्या मॉनिटरवर तो आकडा ढगाळ सकाळी ३५, लख्ख उन्हात ५५ आणि दिवेलागणीनंतर २० असा येतो. हे आकडे मी चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला डकवलेत. दुसऱ्याच्या मॉनिटरवर ते वेगळे येतील, कागद मात्र कुठेही तोच.

नऊ ते अकरा. हे माझे सर्वांत चांगले तास. जोडाक्षरांनी भरलेला एक संशोधन लेख घेतलाय. द्ध आणि द्व, ष्ट आणि ष्ठ, घ आणि ध. रोमन अक्षरांना जेवढी जागा पुरते तेवढ्यात आपली लिपी गुदमरते, कारण तिला शिरोरेषेच्या वर मात्रा आणि खाली उकार-ऋकारही मांडायचे असतात. म्हणून प्रूफ वाचताना पान दीडशे टक्क्यांवर मोठं करते. आणि पडद्याचं रेझोल्युशन मात्र त्याचं मूळचं, १९२० बाय १०८०, तेच ठेवते. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून काही जण रेझोल्युशनच उतरवतात. मग पडद्याचे ठिपके आणि चित्राचे ठिपके जुळत नाहीत, सगळ्या कडा धुरकट होतात, आणि डोळा ती धूसर कड स्पष्ट करायला बिचारा झटत राहतो. विंडोजमध्ये स्केल १२५ किंवा १५० करावा, अक्षर मोठं होतं आणि रेखीवही राहतं. क्लिअरटाइपची जुळवणी आहे, तिथे नमुने दाखवतात आणि तुम्हाला जो स्वच्छ दिसेल तो निवडायचा. मी ती करताना देवनागरी मजकूर शेजारी उघडा ठेवला होता.

शार्पनेसचाही एक घोळ असतो. तो फार वाढवला की प्रत्येक काळ्या रेघेभोवती पांढरी किनार उमटते. इंग्रजीत चालून जातं. आपल्याकडे शिरोरेषेवरचं टिंब त्या किनारीत बुडतं. काल रात्री मेनूत खोल जाऊन पाहिलं, तर कधीतरी लाइट जाऊन आल्यावर हा आकडा वाढून बसला होता. खाली आणला.

साडेअकरा. सर येऊन गेली आणि एकदम ऊन पडलं. ओल्या चिऱ्यांच्या अंगणावरून ते परतून खोलीत येतं, छतापर्यंत. पडदा फिका पडला. असं झालं की माणूस नकळत मान पुढे काढतो आणि डोळे बारीक करतो. आधी खिडकीचा कापडी पडदा अर्धा ओढला, मग ब्राइटनेस ५५. आई ओटीवर गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या दोऱ्या मोजत होती. तिथूनच म्हणाली, "गो बाय, जरा भायर पळय." जरा बाहेर बघ, असं ती दिवसातून चार वेळा म्हणते. डोळ्याच्या डॉक्टरांचा वीस-वीस-वीसचा नियम दुसरं काय सांगतो? दर वीस मिनिटांनी, वीस फुटांपलीकडे, वीस सेकंद. जवळचं बघताना डोळ्यातला छोटा स्नायू आवळलेला असतो. दूर पाहिलं की तो सैल पडतो. वीस फूट म्हणजे सहा मीटर. खुर्चीपासून तुळशीवृंदावन सात मीटरांवर आहे, टेप लावून मोजलंय.

दीड. शिवराक, म्हणजे बिनमासळीचं जेवण, मग अर्धा तास आडवी. डोळे मिटून.

तीन. कालचा तास. आज मुद्दाम स्वतःकडे बघत बसले. ओळी धूसर व्हायला लागल्या, पापण्यांखाली वाळू आल्यासारखं वाटलं. पडद्यात काही बिघडलं नव्हतं. माणूस एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो, पडद्यावर नजर खिळली की पाच-सात वेळाच. डोळ्यावरचा ओलावा फाटतो आणि फाटलेल्या ओलाव्यातून अक्षर फाटकंच दिसतं. त्यात दुपारी उकडतं म्हणून टेबलपंखा माझ्याच तोंडावर असतो. बावीस वर्षांत हे जोडून पाहिलं नव्हतं. पंखा भिंतीकडे वळवला. वारा भिंतीला लागून मागून येतो, तेवढा पुरतो. आणि आता प्रत्येक परिच्छेद संपला की दोनदा पापण्या पूर्ण मिटायच्या, पूर्णविरामासारख्या.

साडेचार. बहिणीचा मुलगा आला. कॉलेजात आहे, रात्रभर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं वाचतो. "मावशी, तू पण डार्क मोड लाव, डोळ्यांना बरं असतं." अंधाऱ्या खोलीत बरं वाटत असेल. पण पडदा काळा झाला की बाहुली मोठी होते, आणि माझ्यासारख्या तिरप्या नंबरवाल्या डोळ्याला पांढरी अक्षरं फुललेली दिसतात. 'खं' आणि 'ख' काळ्यावर वाचून दाखव म्हटलं, लहान टायपात. त्याने लॅपटॉप जवळ ओढला आणि हसून पांढरा केला.

त्याच्या चष्म्याला निळा उजेड अडवणारं भिंगही आहे, जास्त पैसे मोजून घेतलेलं. कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये अशा भिंगांच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा पडद्याने येणारा डोळ्यांचा ताण त्या भिंगांनी निदान थोड्या काळात तरी कमी होतो असं आढळलं नाही. हे मी त्याला सांगितलं. तेच पैसे योग्य अंतराच्या चष्म्याला गेले असते. माझी चाळिशी एका दुकानात करून घेतली, तेव्हा कोणी विचारलंच नाही की बाई, तुम्ही काय वाचता, किती अंतरावरून. हातातलं पुस्तक चाळीस सेंटिमीटरवर असतं, त्याला अडीच नंबरचा जोर लागतो. माझा पडदा साठ सेंटिमीटरवर आहे, त्याला साधारण पावणेदोनच पुरतो. चष्म्याच्या खालच्या भागातून बघायला मी हनुवटी वर करून बसायचे आणि मान धरायची. मॉनिटर उंच हवा असं ऐकून त्याखाली पाट ठेवला होता, त्याने आणखी बिघडलं. शेवटी टेपने अंतर मोजून, कागदावर लिहून नेलं, साठ सेंटिमीटरचा वेगळा चष्मा केला आणि पाट काढून देवघरात परत ठेवला.

सहा. ढग पुन्हा दाटले, दहा मिनिटांत खोली निळसर झाली. ब्राइटनेस ३५, मग ३०. जुना मॉनिटर असता तर इतका खाली नेता आला नसता. काही स्वस्त पडद्यांत उजेड कमी करायला आतला दिवा मंद करत नाहीत, सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. डोळ्याला ते लुकलुकणं दिसत नाही, पण काही जणांचं डोकं चढतं. माझं चढायचं. मोबाइलचा कॅमेरा त्या पडद्यावर धरला तेव्हा काळे पट्टे सरकताना दिसले आणि कारण कळलं. दुसरा घेईपर्यंत मी पडदा प्रखरच ठेवून खोलीत जास्त दिवे लावत होते. अंधारात एकटा पडदा पेटता ठेवणं तर मी कधीच करत नाही. आताही मॉनिटरच्या मागे भिंतीवर उजेड टाकणारा एक पिवळा दिवा आहे, तो लावला.

सात. आईने सांजवात लावली. ब्राइटनेस २०, रंग उबदार. कागदही या वेळी पिवळाच दिसतो, मग पडद्याने निळं का राहावं? फक्त मुखपृष्ठाचे रंग तपासायचे असले तर हे बंद करते, नाहीतर छापून आलेलं भलतंच निघेल.

मग ती कथा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. दीडशे टक्के, साठ सेंटिमीटर, परिच्छेदागणिक पापण्या मिटत. 'खंत' आपल्या टिंबासकट जागेवर होती. सातव्या पानावर आणखी एक सापडलं: 'बाध' फुटला होता, 'बांध' नव्हे. हे लेखकाच्याही नजरेतून सुटलं होतं. दुरुस्त करून पान पाठवलं आणि तसं कळवलं.

पावणेनऊ. मॉनिटर बंद करताना चिठ्ठीकडे पाहिलं. 'सहा वाजता ३५' असं तिथे मेपासून लिहिलेलं आहे. दिवस लहान होत चाललेत. पेडण्याच्या पुनवेपर्यंत, म्हणजे कोजागरीपर्यंत, सूर्य आजच्यापेक्षा अर्धा तास लवकर मावळेल, आणि अंकांचं शेवटचं काम तेव्हाच असेल. सहा खोडून साडेपाच केलं.